पाइप ऑर्गन की इलेक्ट्रॉनिक? बडोद्यात १० बाय १२ च्या खोलीत ऑर्गन कसा उभा करायचा

बडोद्यात ऑर्गन म्हणलं की तीन माणसांच्या डोळ्यांसमोर तीन वेगळ्या वस्तू येतात. नाट्यसंगीतात वाढलेल्या माणसाला पायाने भाता मारायची पायपेटी आठवते, गरब्याच्या ऑर्केस्ट्रातल्या पोराला स्टँडवरचा कीबोर्ड, ज्याला आपल्याकडे अजून सगळे कॅसिओच म्हणतात मग कंपनी कुठली का असेना, आणि ज्याने कधी जर्मन संगीतकार बाख ऐकलाय त्याला भिंतभर उभ्या नळ्या. मी ह्या तिसऱ्याबद्दल लिहितोय. पाइप ऑर्गन काय असतो, त्याची जागा घ्यायला निघालेले मोठे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन कुठे पुरे पडतात आणि कुठे कमी, आणि दांडिया बझारातल्या फ्लॅटमध्ये त्यातलं काय नि कसं बसवता येतं. मला हे शिकायला चार वर्षं लागली आणि पहिली दोन वर्षं मी चुकीच्या गोष्टींवर पैसे घातले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधीच सांगून टाकतो, ऑर्गनमध्ये निम्मं वाद्य म्हणजे ती जागा असते. हॉल, छत, भिंती, तिथली हवा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

पेटीत पितळी पट्टी हलते आणि सूर येतो, हाताची पेटी असो की पायपेटी. पाइप ऑर्गनच्या बहुतेक नळ्या मात्र शिट्टीच्या जातीच्या, खालून हवा येते, नळीच्या ओठावर आपटते आणि आतला हवेचा खांब थरथरतो. काही नळ्यांत पट्टी असते, ट्रंपेट, ओबो अशी नावं असलेल्या, त्यांना रीड म्हणतात, पण ती पट्टी पेटीसारखी मोकळी झुलत नाही, खाचेवर आपटते, म्हणून आवाज धारदार निघतो. एका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचा एक संच म्हणजे एक स्टॉप, आणि कीबोर्डला ६१ की असतील तर एका स्टॉपला ६१ नळ्या. २० स्टॉपचा ऑर्गन म्हणजे १२०० च्या वर नळ्या झाल्या, आणि हा मध्यमच म्हणायचा. फिलाडेल्फियाचा वॉनामेकर ऑर्गन, जो चर्चमध्ये नाही तर एका मोठ्या दुकानाच्या इमारतीत बसवलाय, त्यात २८,००० च्या वर नळ्या आहेत, अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलमधल्यात ३३,००० च्या वर.

स्टॉपवर ८ फूट, ४ फूट असं लिहिलेलं असतं. ८ फूट म्हणजे सगळ्यात खालच्या पांढरी एकची उघडी नळी साधारण आठ फूट लांब. हा आपला नेहमीचा सूर. ४ फूट म्हणजे त्याच कीवर एक सप्तक वर, २ फूट म्हणजे दोन सप्तकं वर, १६ फूट म्हणजे एक सप्तक खाली. आता गंमत अशी की २ २/३ फूट असाही स्टॉप असतो, तो दाबला की सा च्या कीवर वरच्या सप्तकातला पंचम वाजतो, आणि १ ३/५ फुटाचा स्टॉप म्हणजे त्याच्याही वरचा गंधार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पण वाटलं की असं कसं चालेल, प्रत्येक सुराबरोबर पंचम आणि गंधार? मग लक्षात आलं की हे तर आपण रोज ऐकतो. तानपुरा नीट लागला की खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो ना, तोच हा. फरक एवढाच की तानपुऱ्यात तो तारेतूनच निघतो आणि ऑर्गन बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी वेगळी नळी उभी केली. संगीत शिकलेल्या मराठी माणसाला स्टॉप समजायला जड जात नाही ते ह्यामुळे, फक्त फुटांचं सुरात भाषांतर करून घ्यायचं.

लॉरेन्स हॅमंडने १९३५ साली बाजारात आणलेला ऑर्गन ह्याच हिशोबावर उभा आहे. त्यात ९१ दातेरी लोखंडी चाकं फिरतात, प्रत्येक चाक जवळजवळ एकच शुद्ध सूर देतं, आणि समोरच्या नऊ दांड्या ओढून कुठला स्वर किती मिसळायचा ते ठरवायचं, म्हणजे सा इतका, वरचा पंचम इतका, गंधार इतका. डोकं लावलंय माणसाने. पण हॅमंड कंपनीने जाहिरातीत हा खऱ्या पाइप ऑर्गनच्या तोडीचा आहे असं म्हणलं आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई सुरू केली. शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये चक्क परीक्षा झाली, एकदा पाइप ऑर्गन वाजवायचा, एकदा हॅमंड, ऐकणाऱ्यांनी ओळखायचं. ऐकणाऱ्यांत संगीतकार होते, विद्यार्थी होते आणि त्यांचे बरेच अंदाज चुकले. तरी १९३८ मध्ये कमिशनने तुलनेचे ते दावे करायला बंदी घातली. मला ह्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की परीक्षा त्या दगडी चॅपलमध्ये झाली. दोन्ही वाद्यांना तीच आस मिळाली, तोच घुमारा मिळाला. हॅमंड कुणाच्या बैठकीच्या खोलीत ठेवला असता तर इतके लोक फसले नसते असं माझं ठाम मत आहे.

आता विकत घ्यायच्या आधी कान कसा तयार करायचा ते बघू. जमलं तर एकदा खरा पाइप ऑर्गन ऐकून या. मुंबईला कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे, कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये विलिस कंपनीचा आहे, सिमल्याच्या क्राइस्ट चर्चमध्ये पण आहे. मी मुंबईला रविवारच्या प्रार्थनेला मागच्या बाकावर बसलो होतो, आणि पेडलचा, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांचा, खालचा सूर आला तो कानाला नंतर कळला, आधी हाताखालचं लाकूड बारीक थरथरलं. हेडफोनवर वीस वर्षं ऑर्गन ऐकून हे कधी समजलं नसतं.

तिथे गेलात की एकच सूर सुरू होताना आणि बंद होताना ऐका. नळी बोलायच्या आधी थुंकीसारखा बारीक 'छ' येतो, प्रत्येक नळीचा वेगळा, आणि बंद होताना सूर एकदम कापला जात नाही, सोडून जातो. मग कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले काही सूर, धरून ठेवली की आवाज किंचित हलतोय का बघा, कारण सगळ्या नळ्या एकाच भात्यातून श्वास घेतात, एकदम दहा की दाबल्या की हवेचा दाब जरासा खाली जातो. तिसरं म्हणजे सूर कुठून येतोय. बऱ्याच ऑर्गनमध्ये नळ्या दोन बाजूंना वाटून लावतात, पांढरी एक डावीकडे, काळी एक उजवीकडे, पांढरी दोन परत डावीकडे, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या की नुसत्या ओळीने वाजवल्या तरी आवाज भिंतीवर इकडून तिकडे उड्या मारतो. हे सगळं स्वस्त इलेक्ट्रॉनिकमध्ये नसतं. तिथे दहा सेकंद कॉर्ड धरली की एखाद्या सुराचं ठरावीक अंतराने तेच तेच वळण ऐकू येतं, रेकॉर्डिंगचा तुकडा फिरत असतो ना. आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनची खोड तर अजून सोपी, त्यात वरच्या सप्तकाच्या सुराची वारंवारता निम्मी करत करत खालचे सूर काढलेले असायचे, सगळे एकमेकांना बांधलेले, त्यामुळे ८ फुटावर ४ फूट चढवला की दुसरं वाद्य येऊन मिळाल्यासारखं वाटत नाही, तोच आवाज नुसता चकचकीत होतो. देवळात पन्नास माणसं आरती म्हणतात आणि एका माणसाचा आवाज पन्नास पट मोठा केला ह्यात जो फरक, तोच हा. पन्नास माणसं कधीच अगदी सुरात नसतात, म्हणूनच ते भरून येतं.

१९७१ मध्ये ॲलन कंपनीने पहिला डिजिटल ऑर्गन काढला आणि गोष्ट बदलली, खऱ्या नळीच्या आवाजाचं रूप मेमरीत ठेवून वाजवायचं. आज तर प्रत्येक स्टॉपची प्रत्येक नळी वेगळी रेकॉर्ड करतात, सूर सोडल्यावरची आस सुद्धा वेगळी, थोडा वेळ दाबला तर एक, जास्त वेळ धरला तर दुसरी. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारचे टॉवर पडले आणि त्या धुळीने त्यांचा पाइप ऑर्गन खराब झाला. २००३ मध्ये त्यांनी मार्शल अँड ओगलट्री ह्या कंपनीचा मोठा इलेक्ट्रॉनिक बसवला, ह्या कंपनीचं हे पहिलंच वाद्य, आणि तो वर्षानुवर्षं वाजला, लोकांनी वाखाणला. तरी पुढे चर्चने परत खरा पाइप ऑर्गन बसवायचं ठरवलं. दोन्ही निर्णय मला पटतात. त्याच कंपनीने २०१४ मध्ये कॅमेरॉन कारपेंटर ह्या वादकासाठी ट्रकमधून गावोगाव नेता येईल असा ऑर्गन केला, आणि हे काम पाइप ऑर्गन करूच शकत नाही.

टिकण्याचा विचार करा. स्वित्झर्लंडमध्ये सियों गावाला वालेरच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातला ऑर्गन आहे आणि तो अजून वाजतो. आमच्या घरी आजोबांची पायपेटी होती, तिचा मधला धैवत बसला होता. मी मागची फळी काढली, आकड्याने पितळी पट्टी ओढून काढली, बघतो तर पट्टी आणि खाचेच्या मध्ये केसाएवढा धुळीचा तुकडा. पातळ कागद सरकवला, फुंकर मारली, परत बसवली आणि धैवत बोलला. शंभर वर्षांच्या वाद्याला पाच मिनिटं लागली. डिजिटल ऑर्गनचं सर्किट गेलं आणि तो पार्ट बंद झालेला असला तर असं होत नाही, म्हणून मी घरासाठी तयार कन्सोल, म्हणजे अख्खं जोडलेलं वाद्य, विकत घ्यायच्या भानगडीत न पडता सुटे भाग जोडायला सांगतो, म्हणजे एक भाग गेला तर तेवढाच बदलायचा.

आणि कुणी म्हणत असेल की बडोद्यात पाइप ऑर्गनच बसवू, तर हवामानाचा हिशोब ऐका. हवा तापली की तिच्यातून आवाज जोरात पळतो आणि नळीचा सूर चढतो, एका डिग्रीला साधारण ३ सेंट, आणि १०० सेंट म्हणजे एक श्रुती नव्हे, अख्खा एक अर्धस्वर. आपल्याकडे थंडीत पहाटेचे १२ डिग्री आणि मे महिन्यातले दुपारचे ४२, म्हणजे ३० डिग्रीचा फरक, ९० सेंट. जानेवारीत पांढरी एकला लावलेला ऑर्गन मे मध्ये जवळजवळ काळी एकला जाईल. बंद इमारतीत इतका फरक पडत नाही हे खरं, पण खरा त्रास असा की शिट्टीच्या नळ्या चढतात आणि रीडच्या नळ्या त्यांच्याबरोबर तितक्या चढत नाहीत, मग दोघांचं एकमेकांशी जमत नाही. एसी चोवीस तास चालवणार असाल तरच.

तर घरी काय लावायचं.

दोन मिडी कीबोर्ड घ्या, म्हणजे कुठली की दाबली ते कॉम्प्युटरला कळवणारे, ६१ की चे, एकावर एक येतील असा लाकडी स्टँड सुताराकडून करून घ्या, वरचा कीबोर्ड खालच्याच्या जितका जवळ आणि पुढे येईल तितका बरा कारण हात सारखा वरखाली जातो. पियानोसारख्या जड की नकोत, हलक्याच पाहिजेत. माझा एक कीबोर्ड नवरात्र झाल्यावर ऑर्केस्ट्रातल्या मित्राकडून सेकंड हँड घेतलाय, त्याचे स्वतःचे आवाज पार मुके करून ठेवलेत, तो फक्त की सांगायचं काम करतो. की किती जोरात दाबली ह्याला ऑर्गनमध्ये काही अर्थ नाही, दाबली की वाजते, सोडली की थांबते. पेटीवाल्यांना हे नवीन नाही. पियानो शिकलेली मुलं इथे अडखळतात, त्यांना पायाचं पॅडल दाबून सूर लांबवायची सवय, आणि ऑर्गनमध्ये सूर जोडायचा तर बोटांनीच जोडायचा.

पेडलबोर्ड हा अवघड भाग. ३० किंवा ३२ लाकडी पट्ट्या पायाने वाजवायच्या. मी वाडीतल्या सुताराकडून सागाच्या पट्ट्या करून घेतल्या, प्रत्येकीखाली एक छोटं लोहचुंबक आणि समोर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की चालू होणारं बटण, सगळ्या वायरी एका आर्डुइनो लिओनार्डो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डला, तो यूएसबीवरून थेट मिडी पाठवतो. पट्टी परत वर यायला स्प्रिंग लागते, मी आधी स्वस्त घेतल्या आणि महिन्याभरात ढिल्या पडल्या, तेव्हा इथे कंजूषी नको. सुरुवातीला हे नाही केलं तरी चालेल. सहा महिने नुसत्या हातांनी वाजवा.

कॉम्प्युटरवर ऑर्गनचा आवाज काढणारी मुख्य सॉफ्टवेअर दोन आहेत, हाउप्टवर्क जे पैसे देऊन मिळतं आणि ग्रँडऑर्ग जे फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं. माझं मत, ग्रँडऑर्गपासूनच सुरुवात करा. त्यात वाजवायला सॅम्पल सेट लागतो, म्हणजे कुठल्यातरी खऱ्या ऑर्गनच्या सगळ्या नळ्यांची रेकॉर्डिंग्ज, ऑस्ट्रियातल्या फ्रीझाखच्या ऑर्गनचा चांगला सेट फुकट मिळतो. सेट उघडला की पडद्यावरच्या कीबोर्डवर उजवं क्लिक करून तुमचा कीबोर्ड ओळखायला लावायचा, वरचा, खालचा, पेडल, प्रत्येकाला वेगळं मिडी चॅनल. रॅम १६ जीबी तरी असू द्या, कमी पडली तर सॅम्पल १६ बिटमध्ये लोड करायचा पर्याय आहे, कानाला फार फरक कळत नाही.

की दाबल्यावर आवाज यायला उशीर होतोय असं वाटलं तर बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा जो तुकडा आधी साठवून मग वाजवतो तो, कमी करा. २५६ चा बफर ४८ किलोहर्ट्झला म्हणजे ५ मिलिसेकंदच्या आसपास, छान. १०२४ म्हणजे २१, बोटांना अडखळल्यासारखं होतं. फार कमी केला आणि आवाज फुटायला लागला तर परत वाढवा. मोठ्या चर्चमध्ये नळ्या २० मीटरवर असल्या तर आवाज यायला जवळपास ६० मिलिसेकंद लागतात आणि तिथले वादक तसंच वाजवतात, त्यामुळे ५ की ८ ह्यावरून झोप उडवू नका. मे महिन्यात लॅपटॉप तापला की सगळं मंदावतं आणि आवाज तडतडतो, मला वाटलं साउंड कार्ड गेलं, दुकानदाराने नवीन गळ्यात मारलं सुद्धा, आणि नंतर कळलं की खालून टेबल फॅन लावला की सगळं ठीक.

आता जिथे खरे पैसे घालायचे ते. स्पीकर. बजेटचे निम्मे पैसे बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. मी उलट केलं होतं, ८० स्टॉपचा मोठा सेट विकत घेतला आणि वाजवला टीव्हीसमोरच्या दोन डबड्यांवर, सगळे स्टॉप एकदम काढले की नुसता कालवा. १२०० नळ्या १२०० ठिकाणांहून वाजतात आणि तुम्ही त्या दोन पडद्यांतून ढकलताय, चिखलच होणार. २० स्टॉपचा सेट आणि चार स्पीकर हे ८० स्टॉप आणि दोन स्पीकरपेक्षा कितीतरी बरं. ग्रँडऑर्गमध्ये ऑडिओ ग्रूप पाडता येतात, वरचा कीबोर्ड एका जोडीवर, खालचा दुसऱ्या जोडीवर, पेडल वेगळं. चारपेक्षा जास्त आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरून जोडायचं साउंड कार्ड, त्यासाठीच घ्यायचा. स्पीकर तोंडाकडे रोखू नका, वर छताकडे किंवा कोपऱ्याकडे वळवा, आवाज भिंतीला लागून आला की एका भोकातून आल्यासारखा वाटत नाही.

खर्जाचं वेगळंच प्रकरण. १६ फुटाची सगळ्यात खालची पांढरी एक म्हणजे साधारण ३३ हर्ट्झ, आणि त्या लाटेची लांबी दहा मीटर, आपल्या खोलीच्या तिप्पट. ३२ फूट म्हणजे १६ हर्ट्झ, त्याचा नाद सोडून द्या. चांगला सबवूफर घ्या आणि पेडलची एक एक पट्टी सावकाश दाबत जा. काही सूर खोली गिळून टाकते आणि काही दुप्पट होतात. माझ्याकडे पांढरी चार दाबली की स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं वाजायची, अगदी तोच सूर, मागचा पुढचा नाही. सबवूफर भिंतीपासून हातभर पुढे ओढला, खाली जुनी रबरी मॅट घातली, आणि ग्रँडऑर्गमध्ये त्या एका सुराचा आवाज थोडा कमी केला. खालच्या मजल्यावरच्या बेन पण येऊन सांगून गेल्या होत्या की त्यांचा झोपाळा हलतो, तेव्हापासून रात्री आठनंतर मी पेडल बंद ठेवतो. पाइप ऑर्गनवाले हेच काम नळी नळी कापून, ओठ वाकवून महिनोन्महिने त्या इमारतीत बसून करतात. तुम्हाला एका रविवारात होतं, पण करायला पाहिजे, नाहीतर कितीही महाग सेट आणला तरी तो ऑस्ट्रियाच्या चर्चचाच राहतो, तुमच्या खोलीचा होत नाही.

सेट कोरडा घ्यायचा की घुमाऱ्यासकट? लहान खोलीत घुमाऱ्यासकट, कारण गादी, पडदे, कपाटं असलेली खोली स्वतःचं काही घालत नाही. हॉलमध्ये लावणार असाल तर कोरडा, हॉलला त्याचं काम करू द्या.

आणि एक गोष्ट जिथे इलेक्ट्रॉनिक सरळ जिंकतो. पेटीचा गंधार तानपुऱ्याशी भांडतो हे आपल्याकडे प्रत्येक गायकाने ऐकवलेलं असतं, कारण समान अंतराने लावलेला गंधार ४०० सेंटवर असतो आणि तानपुऱ्यातून येणारा ३८६ वर. पाइप ऑर्गनचं ट्यूनिंग बदलायचं तर हजार नळ्यांना हात लावावा लागतो. ग्रँडऑर्गमध्ये टेंपरामेंट नावाचा मेन्यू आहे, त्यात क्वार्टर कॉमा मीनटोन निवडा, युरोपात जुन्या काळी ऑर्गन असेच लावायचे, त्यात गंधार शुद्ध लागतो. पंचम जरासा उतरतो, ५ सेंट, आणि लांबच्या काही जोड्या वाईट वाजतात, पण पांढरी एकचा सा धरला तर त्या वाटेला जायची वेळ फार येत नाही.

सगळं जोडून झालं की पहिल्या दिवशी सगळे स्टॉप काढू नका. फक्त ८ फुटाचा प्रिन्सिपल, म्हणजे ऑर्गनचा मुख्य आवाजाचा स्टॉप, काढा, पांढरी एकला तानपुरा लावा, सा दाबून ठेवा, मग त्यावर गंधार, आणि दोन्ही एकदम सोडून आस कुठपर्यंत जाते ते ऐका. मग ४ फूट, मग २ २/३, प्रत्येक वेळी परत तोच सा. बडोद्याच्या गल्लीत रिक्षा थांबल्या की साडेअकरा वाजता हे सगळ्यात छान ऐकू येतं, पेडल बंद ठेवून.